क्युप्रेटमधलं चुंबकत्व, चार्ज ऑर्डर आणि सुपरकंडक्टिव्हिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सी-एमएस्सीची मुलं, दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि कुठलीतरी बातमी वाचून रात्री अकराला मेसेज टाकणारी मंडळी, यांच्याकडून हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. आधी सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय.

१. क्युप्रेट म्हणजे काय? तांब्याची तार आणि हे एकच का?

नाही, अजिबात नाही. तार म्हणजे शुद्ध तांबं, आणि ते कितीही थंड केलं तरी आजवर सुपरकंडक्टर, म्हणजे वीज शून्य अडथळ्याने (शून्य रेझिस्टन्सने) वाहून नेणारा पदार्थ, झालेलं नाही. क्युप्रेट म्हणजे तांबं आणि ऑक्सिजनच्या सपाट थरांचा, काळाकुट्ट, कपबशीसारखा ठिसूळ पदार्थ. थरात तांब्याचे अणू चौकोनी जाळीच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि शेजारशेजारच्या दोन तांब्यांच्या मधे एक ऑक्सिजन. तांब्यापासून तांब्याचं अंतर साधारण ३.८ अँगस्ट्रॉम. असे थर एकावर एक, आणि थरांच्या मधे लॅन्थनम, इट्रियम, बेरियम, बिस्मथ, पारा असलं काहीतरी भरलेलं. हे मधलं भरण बदललं की पदार्थाचं नाव बदलतं, पण खरा खेळ सगळा तांबं-ऑक्सिजनच्या थरातच चालतो.

२. "हाय टेम्परेचर" म्हणता आणि उणे १८० डिग्री सांगता, हे कसं काय?

"हाय" हे आधीच्या मानाने. १९११ मध्ये पारा ४.२ केल्विनला (केल्विनचं शून्य म्हणजे उणे २७३ डिग्री सेल्सियस) सुपरकंडक्टर झाला, तिथपासून १९७३ पर्यंत धडपड करून माणसं फक्त २३ केल्विनपर्यंत पोचली होती. मग १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना लॅन्थनम-बेरियम-तांबं-ऑक्सिजनच्या मिश्रणात ३० केल्विनच्या वरच रेझिस्टन्स घसरायला लागलेला दिसला, आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, इतक्या पटकन नोबेल फार क्वचित मिळतं. १९८७ च्या सुरुवातीला पॉल चू आणि मॉ-कुएन वू यांच्या गटांनी इट्रियम-बेरियमवाला पदार्थ, ज्याला आपण वायबीसीओ म्हणतो, तो ९३ केल्विनला, म्हणजे तुमच्या त्या उणे १८० डिग्रीला, आणला. हा आकडा महत्त्वाचा, कारण द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे महागड्या हीलियमची गरज संपली. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला भौतिकशास्त्रज्ञांची खास बैठक झाली ती पहाटे तीनच्या पुढे चालली, लोक जिन्यावर, बाहेरच्या टीव्हीसमोर उभे होते. १९९३ ला पाऱ्याचा क्युप्रेट १३३ केल्विनला गेला. साध्या हवेच्या दाबाला क्युप्रेटमध्ये त्याच्या फार पुढे कुणी गेलेलं नाही.

३. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग इथे चुंबकत्व कुठून आलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण सगळा विषय इथूनच उलगडतो.

पंगत डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पाटावर एकच माणूस, एकही पाट रिकामा नाही, आणि दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसणं कुणालाच परवडत नाही. अशा पंगतीत कुणी जागा बदलू शकेल का? लॅन्थनम कॉपर ऑक्साइडमध्ये नेमकं हेच आहे. प्रत्येक तांब्याच्या वाट्याला एक सुटा इलेक्ट्रॉन, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच तांब्यावर आले तर एकमेकांना इतक्या जोरात ढकलतात की ते घडतच नाही. पुस्तकातला साधा हिशेब म्हणतो हा धातू असायला हवा, प्रत्यक्षात तो इन्सुलेटर निघतो. याला मॉट इन्सुलेटर म्हणतात.

आता जागेवर अडकलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन आहे, म्हणजे तो एक चिमुकला चुंबक आहे. शेजाऱ्याच्या पाटावर क्षणभर डोकावून परत येण्याने थोडी ऊर्जा वाचते, पण पाउलीच्या नियमाने (सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी बसत नाहीत) हे डोकावणं शेजाऱ्याचा स्पिन उलटा असेल तरच जमतं. म्हणून सगळे शेजारी एक वर एक खाली, एक वर एक खाली असे बुद्धिबळाच्या पटासारखे लागतात. हे अँटीफेरोमॅग्नेटिझम. वर-खाली एकमेकांना पूर्ण कापतात त्यामुळे बाहेरून चुंबकत्व शून्य, फ्रीजच्या दारावर काही हा तुकडा चिकटणार नाही. मग कळतं कसं? न्यूट्रॉन मारून. न्यूट्रॉनला स्वतःचा स्पिन असतो, त्याला हा पट दिसतो, आणि १९८७ मध्येच तो बघितला गेला. ही रचना साधारण ३२५ केल्विनपर्यंत टिकते, म्हणजे पन्नास डिग्री सेल्सियसच्या आसपास, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा मोडत नाही. आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधलं बळ तर तापमानाच्या भाषेत १५०० केल्विनच्या घरातलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये लागणार आहे.

४. डोपिंग म्हणजे नक्की काय करतात?

पंगतीतली काही माणसं उठवतात. लॅन्थनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातला की तो एक इलेक्ट्रॉन कमी देतो, ती उणीव थरातून भरून निघते आणि थरात एक रिकामी जागा तयार होते, तिला होल म्हणतात. (बारकाईने बघितलं तर हे होल जास्त करून ऑक्सिजनवर बसतं, पण आजूबाजूच्या तांब्याशी इतकं घट्ट बांधलेलं की जाळीवर फिरणारी एकच वस्तू म्हणून त्याचा हिशेब चालतो.) दर शंभर तांब्यांमागे दोनच होल घातली तरी तो लांबवर पसरलेला चुंबकीय पट विस्कटतो. पाच-सहाला सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते, सोळाच्या आसपास शिखर, तेव्हा हा पदार्थ ३८ केल्विनपर्यंत जातो, आणि सत्तावीसच्या सुमाराला सगळं संपून साधा धातू उरतो. मधल्या भागाचा आकार घुमटासारखा येतो म्हणून सगळे त्याला डोम म्हणतात.

वायबीसीओमध्ये स्ट्रॉन्शियम लागत नाही, तिथे ऑक्सिजन कमी-जास्त करूनच डोपिंग होतं. ते हाताने करून बघायचं असेल तर प्रश्न ५.

५. कॉलेजच्या लॅबमध्ये बनवता येतं का?

येतं, आणि ज्याला शक्य आहे त्याने एकदा तरी बनवावंच. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा मापात घ्यायचं की इट्रियम, बेरियम, तांबं यांचं प्रमाण १ ला २ ला ३ येईल, अगेटच्या खलात हात दुखेपर्यंत घोटायचं, ९०० च्या वर भट्टीत ठेवायचं, बाहेर काढून परत घोटायचं, दाबून गोळी पाडायची, परत भाजायचं. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हातमोजे आणि मास्क न घालता हात लावायचा नाही, आणि हे एकट्याने करायचं नाही.

माझी पहिली गोळी हिरवी निघाली. हिरवा रंग म्हणजे प्रमाण चुकून किंवा ताप जास्त होऊन दुसराच पदार्थ झाला, त्यात तांबं कमी असतं आणि तो सुपरकंडक्टर नसतो. दुसरी गोळी छान काळी झाली, नायट्रोजनमध्ये बुडवली, वर चुंबक ठेवला, चुंबक ढिम्म. मी ती भट्टीतून गरम असतानाच बाहेर ओढली होती. आमच्या लॅबमधले मामा, जे भट्टी सांभाळायचे, ते म्हणाले, "अरे, श्वास घेऊ दे की तिला." मग तीच गोळी परत भट्टीत, ऑक्सिजनचा प्रवाह चालू ठेवून, साडेचारशेच्या आसपास रात्रभर, आणि मग अगदी सावकाश थंड. दुसऱ्या दिवशी चुंबक वर उचलला गेला, बोटाने टिचकी मारली की जागच्या जागी गरगर फिरायचा.

या गोष्टीचं खरं मोल मला नंतर कळलं. घाईत काढलेल्या गोळीत ऑक्सिजन कमी होता. कमी होत होत सूत्रातला ऑक्सिजन ७ च्या जवळून ६ पर्यंत आला की हाच पदार्थ अँटीफेरोमॅग्नेटिक इन्सुलेटर होतो, प्रश्न ३ मधला. म्हणजे तीच गोळी, तेच तांबं, तेच इट्रियम, थोडासा ऑक्सिजन आत-बाहेर, आणि एका टोकाला चुंबकीय पट तर दुसऱ्या टोकाला सुपरकंडक्टर.

६. चुंबकत्व हा सुपरकंडक्टिव्हिटीचा शत्रू ना? मग हे दोघं शेजारी कसे?

जुन्या सुपरकंडक्टरमध्ये शत्रूच. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात, जोडी टिकली तरच अडथळा शून्य. शिसं, नायोबियम यांच्यात इलेक्ट्रॉनच्या जोड्या जाळीच्या थरथरण्याने जुळतात, आणि चुंबकीय अणू मिसळला की जोडी तुटते. क्युप्रेटमध्ये मात्र बहुतेकांचा कल असा की जोडी जुळवण्यात चुंबकत्वाचाच हात आहे. होलमुळे लांबवरचा पट मोडतो, पण जवळच्या शेजाऱ्यांमधली वर-खालीची ओढ मरत नाही, ती क्षणभर इथे क्षणभर तिथे अशी लहरत राहते. १५०० केल्विनचं बळ आहे ते, त्यातला थोडा वाटा जरी जोडी जुळवायला लागला तरी शंभर केल्विन अवघड वाटत नाही.

याला एक भक्कम पुरावाही आहे, सरळ नाही पण भक्कम. चुंबकीय लहरींनी जोडी जुळत असेल तर जोडीचा आकार चार पाकळ्यांचा हवा, शेजारच्या पाकळ्यांची चिन्हं उलट, मधल्या कर्णांवर शून्य. याला डी-वेव्ह म्हणतात. १९९४ मध्ये त्सुएई आणि किर्टली यांनी तीन वेगवेगळ्या दिशांना बसवलेल्या तुकड्यांवर वायबीसीओचा थर चढवला, तिघं जिथे मिळतात तिथे छोटं कडं केलं, आणि त्या कड्यात चुंबकीय फ्लक्स आपोआप अर्धा क्वांटम अडकलेला दिसला (साध्या कड्यात तो पूर्ण क्वांटमच्या, म्हणजे ठरलेल्या मापाच्या, पटीतच अडकतो). चिन्ह उलटत असेल तरच असं होतं. मला विचाराल तर या क्षेत्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग. अर्थात डी-वेव्ह सिद्ध झालं म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, जोडी नेमकी कशाने जुळते यावर आजही एकमत नाही.

७. चुंबक तरंगतो ते याच चुंबकत्वामुळे का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. तरंगणं हा सुपरकंडक्टिव्हिटीचा परिणाम आहे: जोड्यांचे प्रवाह पृष्ठभागावर वाहतात आणि बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आत शिरू देत नाहीत. वायबीसीओत थोडं क्षेत्र बारीक नळ्यांसारखं आत घुसतं आणि दोषांमध्ये अडकून बसतं, म्हणून चुंबक खाली लटकूनसुद्धा राहतो. प्रश्न ३ मधला चुंबकीय पट ही आतली, अणूच्या पातळीवरची बाब, ती डोळ्यांना कधीच दिसत नाही.

८. चार्ज ऑर्डर म्हणजे काय?

पंगतीतून उठवलेल्या माणसांच्या रिकाम्या जागा कुठेही विखुरलेल्या राहतील असं वाटतं, पण तसं होत नाही. चुंबकीय पटात एकटं होल हिंडलं की ते जाताना मागे चुकीच्या स्पिनची रांग सोडतं, त्याला ऊर्जा खर्ची पडते. म्हणून होल एकत्र यायला बघतात, आणि सगळी एकाच ठिकाणी जमली तर एकमेकांचा चार्ज त्यांना दूर ढकलतो. या ओढाताणीत अधूनमधून एक तोडगा निघतो: शेतातल्या पाण्याच्या पाटांसारख्या रांगा. रांगेत होल, दोन रांगांच्या मधल्या वाफ्यात चुंबकीय पट शाबूत. यांना स्ट्राइप म्हणतात, आणि चार्जच्या अशा ठरावीक अंतराने परत येणाऱ्या रचनेला चार्ज ऑर्डर. १९८९ मध्ये झानेन आणि गुन्नार्सन यांनी हे कागदावर दाखवलं होतं, आणि १९९५ मध्ये ट्रान्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी टोकियोत वाढवलेल्या स्फटिकावर न्यूट्रॉन वापरून प्रत्यक्ष दाखवलं. त्यात एक बारीक गोष्ट आहे जी लोक वाचून पुढे जातात: थंड करताना आधी चार्जच्या रांगा लागतात आणि नंतर, आणखी खाली, स्पिन लागतात. म्हणजे स्ट्राइप हे निव्वळ चुंबकत्वाचं शेपूट नाही.

९. ती एक-अष्टमांशची भानगड काय आहे?

लॅन्थनम-बेरियमवाल्या मूळ पदार्थात डोम मधेच खचलेला आहे. दर आठ तांब्यांमागे एक होल आलं, म्हणजे ०.१२५, की सुपरकंडक्टिव्हिटी ३० च्या आसपासवरून धाडकन चारेक केल्विनपर्यंत कोसळते. १९८८ पासून हे माहीत होतं आणि कुणाला पत्ता लागत नव्हता की नेमकं याच आकड्याला काय होतं.

हिशेब कागदावर करून बघा. स्ट्राइप दर चार तांब्यांमागे एक. स्ट्राइपवर दर दोन तांब्यांमागे एक होल. म्हणजे चार गुणिले दोन, आठ तांब्यांमागे एक होल. रांगा जाळीवर चपखल बसतात आणि कुलूप लागल्यासारख्या अडकतात. शिवाय या पदार्थात ५५ केल्विनच्या खाली तांब्याभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक (सहा ऑक्सिजनची आठ बाजूंची चौकट) अशा दिशेने कलतात की रांगेला खाचच मिळते. (स्ट्राइपच्या दोन बाजूंचे चुंबकीय पट एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे चार्जची रचना चारने परत येते पण स्पिनची आठने. परीक्षेला विचारतात.) स्ट्रॉन्शियमवाल्या पदार्थात हा कल नसतो, म्हणून तिथे कोसळणं नाही, फक्त खळगा.

१०. चार्ज ऑर्डर फक्त लॅन्थनमवाल्यांत असते का?

बरीच वर्षं अनेकांना तसंच वाटत होतं, बिस्मथवाल्या पदार्थाच्या पृष्ठभागावर २००२ पासून चौकटीसारखे नमुने दिसत होते तरी शंका होती की हे फक्त पृष्ठभागाचंच असेल. मग २०११ ला एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चिमुकल्या चुंबकत्वावरून आतलं मोजण्याची पद्धत) आणि २०१२ ला क्ष-किरणांनी वायबीसीओत चार्ज ऑर्डर दाखवली आणि विषयच पालटला. साधारण १५० केल्विनला ती सुरू होते, थंड करत गेलो की वाढते, आणि सुपरकंडक्टिव्हिटी सुरू झाली की लगेच आक्रसायला लागते. मोठं चुंबकीय क्षेत्र लावून सुपरकंडक्टिव्हिटी दाबली की ती परत वर येते. तेच इलेक्ट्रॉन दोघांना हवेत, त्याची ही भांडणं.

पण सगळं सारखं समजू नका. लॅन्थनमवाल्यांत डोपिंग वाढवलं की रांगा जवळ येतात, वायबीसीओत उलट थोड्या दूर जातात. लॅन्थनमवाल्यांत चार्जच्या पाठोपाठ स्पिनही लागतात, वायबीसीओत जिथे चार्ज ऑर्डर आहे तिथे स्पिन गोठलेले नसतात. म्हणून "क्युप्रेटमध्ये स्ट्राइप असतात" असं एका वाक्यात लिहू नका, कुठल्या क्युप्रेटमध्ये ते लिहा.

११. मग चार्ज ऑर्डर सुपरकंडक्टिव्हिटीची वैरी, असं धरायचं का?

प्रश्न ९ आणि १० वाचून तसंच वाटेल, मलाही वाटायचं. मग २००७ चा निकाल वाचा. तोच एक-अष्टमांशवाला स्फटिक, थराच्या पातळीत मोजला तर ४० केल्विनच्या आसपासच रेझिस्टन्स घसरतो आणि पुढे पूर्ण जातो, पण एका थरातून दुसऱ्या थरात जाताना, थराला काटकोनात, मोजला तर रेझिस्टन्स अजून शाबूत. म्हणजे प्रत्येक थर आपापला सुपरकंडक्टर झालाय, फक्त थरांची एकमेकांशी गाठ पडत नाही. रांगा एका थरात पूर्व-पश्चिम तर वरच्या थरात उत्तर-दक्षिण अशा असतात, त्यामुळे असा विचार पुढे आला की जोड्यांची लाटसुद्धा स्ट्राइपबरोबर चिन्ह बदलत जाते आणि थरांमधली जुळणी कटून जाते. याला पेअर डेन्सिटी वेव्ह म्हणतात. हे खरं असेल तर स्ट्राइपने जोड्या मोडलेल्याच नाहीत, फक्त त्यांना थराथरात कोंडून ठेवलंय.

१२. सूडोगॅप कशाला म्हणतात?

कमी डोपिंगला, सुपरकंडक्टिव्हिटीच्या तापमानाच्या बऱ्याच वर, इलेक्ट्रॉनच्या काही अवस्था गायब व्हायला लागतात. १९८९ मध्ये एनएमआरमध्ये पहिल्यांदा दिसलं. काही म्हणतात आधीच जुळलेल्या जोड्या, काही म्हणतात वेगळीच सुव्यवस्था. चार्ज ऑर्डर सूडोगॅपच्या आत जन्मते, त्यामुळे चार्ज ऑर्डरने सूडोगॅप होतो हे म्हणणं अवघड आहे.

१३. यात भारताचं काही योगदान आहे का?

आहे. प्रश्न ३ मधल्या पंगतीतून जोड्या आधीच बांधलेल्या असतात हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अँडरसनचा १९८७ चा विचार पुढे नेणाऱ्या पहिल्या निबंधात जी. बास्करन होते. सी. एन. आर. राव आणि त्यांचे सहकारी तर लॅन्थनम कॉपर ऑक्साइडच्या कुटुंबावर कितीतरी आधीपासून काम करत होते. आणि मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९९४ ला इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनमध्ये १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, तो क्युप्रेट नाही, पण त्याच्या भावंडांत चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी खरोखर एकत्र नांदतात.

१४. एलके-९९ मध्येही तांबं होतं, तो क्युप्रेट होता का?

नाही. खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर होतो म्हणून गाजलेला २०२३ मधला तो पदार्थ म्हणजे तांबं मिसळलेलं शिशाचं संयुग, त्यात तांबं-ऑक्सिजनचा चौकोनी थर नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसकट अनेकांनी तो बनवला, सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. ज्या रेझिस्टन्समधल्या उडीवरून दावा झाला ती त्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडची होती.

१५. होलऐवजी इलेक्ट्रॉन घातले तर?

१९८९ मध्ये टोकियोत केलं गेलं, निओडिमियमच्या पदार्थात सेरियम घालून. सुपरकंडक्टर होतो, पण २५ केल्विनच्या आसपासच. आणि इथे चुंबकीय पट फार चिवट, होलला दोन टक्क्यांत मोडतो तो इलेक्ट्रॉनला दहा टक्क्यांच्याही पुढे टिकतो. कारण पंगतीच्या भाषेत सांगायचं तर जादा आलेला इलेक्ट्रॉन तांब्यावरच बसतो आणि तिथला स्पिन नुसता झाकतो, ऑक्सिजनवरच्या होलसारखा शेजाऱ्यांमधली ओढ बिघडवत नाही.

१६. खूप डोप केलं की चुंबकत्व संपतं, म्हणूनच सुपरकंडक्टिव्हिटी संपते, बरोबर?

ऐकायला बरोबर वाटतं आणि मीही बरेच दिवस असंच सांगत होतो. पण २०११ पासून क्ष-किरणांच्या एका नव्या पद्धतीने, जिला रिक्स म्हणतात, चुंबकीय लहरी मोजल्या गेल्या आणि जोरकस, उंच ऊर्जेच्या लहरी डोमच्या पार पलीकडे, जिथे सुपरकंडक्टिव्हिटीचा मागमूस नाही तिथेही जवळपास तशाच सापडल्या. बदलतात त्या कमी ऊर्जेच्या, पटाच्या आसपासच्या लहरी, ज्या न्यूट्रॉनला दिसतात. म्हणजे जोडी जुळवणारं चुंबकत्व असेलच तर सगळ्या लहरी कामाच्या नाहीत, नेमक्या कुठल्या कामाच्या यावरच आता सगळा वाद येऊन थांबलाय.